खारपोंड्याचे कोरे अक्षर

चर्चच्या या पोथीला हात लावू नका. लांबूनच पाहा. पाने बकऱ्याच्या कातड्याची आहेत, कागदाची नव्हेत. निळा रंग दगड वाटून केलेला, तांबडा हिंगुळाचा. सगळी मोठी अक्षरे सोन्याची आणि हे एकच पांढरे. ते आमच्या खारपोंडा गावाने मुद्दाम तसे ठेवले आहे.

फिरंगी अमलातली गोष्ट. इथे इनास नावाचा सोनार राहत असे. त्याची बायको अंजेलीन मरताना कानातली कापे मुलीला, रुजीनला, देऊन गेली. लग्नात घालायला. पुढे इनासला मोठा ताप आला. वाचलो तर ती कापे पोथीला वाहीन, असा नवस तो बोलला आणि वाचला. रुजीनला विचारले नाही.

त्याने कापे आटवली आणि कुटून कुटून एकच वर्ख केला. इतका पातळ, की बोटाने धरवत नसे म्हणे.

पोथी लिहिणाऱ्या पाद्र्याने या अक्षरावर खडू आणि सरसाचा लेप दिला होता. तोंडाची वाफ लागली की लेप चिकट होतो, मग सोने धरतो. पाद्री परमुलखातला, मराठी तोकडी. कुंचल्यावर वर्ख धरून त्याने इनासच्या हाती वेळूची नळी दिली आणि म्हणाला, "फुंक."

त्याला हवी होती वाफ. पण सोनाराच्या हाती नळी म्हणजे फुंकणी. इनासने गाल फुगवले आणि जोरात फुंकर मारली.

वर्ख उडाला.

"हलू नका!" पाद्री ओरडला. कोणी पापणी लववली नाही. वर्ख उजेडात दोनदा उलटला आणि खाली येऊ लागला. दाराशी रुजीन उभी होती, रडून गाल ओले. डाव्या गालावर तो बसला.

इनास धावला. "हलू नको गे. काढतो."

"हात तर लाव, बाबा! आयने कोणाला दिलं होतं, ते सोन्याला ठाऊक आहे."

पाद्र्याने कुंचला लावून पाहिला. वर्ख सुटेना. नवस फसला, आता ताप परत येणार, असे इनास म्हणू लागला.

पाद्री म्हणाला, "तुझं नव्हतं. देव घेत नाय."

इनासने हात मागे घेतला. मग म्हणाला, "राहू दे तिलाच. अक्षर कोरं राहू दे." त्यानंतर तो वीस वर्षे जगला, असे सांगतात.

आजही आमच्याकडे नवरी चर्चला निघाली की बाप वर्खाचा तुकडा घेऊन तिच्यापुढे उभा राहतो आणि विचारतो, "ठेवू का?" हो म्हणाली तर श्वास रोखून डाव्या गालावर ठेवायचा. नाही म्हणाली तर परत न्यायचा. माझी धाकटी नाही म्हणाली. मी परत नेला.