हैबतीनं अर्ध्यात सोडलेलं गाणं

वेशीला दरवाजे होते आणि माणसांना थोडी लाज होती, त्या काळातली ही गोष्ट. निंबतळं शहरात हैबती नावाचा मोटकरी राहायचा. चामड्याची मोट, तिला जाड नाडा, नाडा ओढायला बैल, असं विहिरीतून पाणी काढायचं, हा त्याचा धंदा. आता बटण दाबलं की पाणी येतं, तुम्हाला मोट काय कळणार! पण हैबतीचा गळा असा, की त्याच्या बैलांना कधी आसूड लागला नाही. गाणं चालू तोवर बैल चालू. गाणं थांबलं की बैल थांबले. पाणीसुद्धा ऐकायला वर यायचं, असं म्हणतात.

एका वर्षी पाऊस थांबेचना. शहराच्या उशाचं तळं फुगलं आणि काठावरची खालची आळी गिळून बसलं. हैबती तेव्हा मळ्यात होता. घरात त्याची बायको यसू आणि पांगळी आई. शेजारणी म्हणाल्या, चल लवकर. यसू म्हणाली, "म्हातारीला टाकून कुठं येऊ?" आणि राहिली.

पाऊस गेला, पाणी काही गेलं नाही.

मग चावडीवर सगळं शहर बसलं. तळं मोटांनी उपसायचं का नाही, एवढाच सवाल. उपसायचं तर शहरातला बैल न् बैल तळ्याच्या बांधावर जुंपायचा, म्हणजे रब्बीची पेरणी गेली. वर बांधाची भीती. पाणी भराभर उतरलं की ओल्या मातीचा टेकू सुटतो, बांध घसरतो. आणि बांधाखाली अख्खा कोष्टीवाडा.

"आप्पा, तुमचं घर कोरडं हाय, म्हणून तुम्हाला बांधाचा कळवळा," हैबती पाटलांना तोंडावर म्हणाला.

आप्पा पाटील भडकले. "अरे, बांध म्हणजे तुझ्या मोटेचं चाक हाय व्हय? मोडलं की दुसरं घातलं?"

कोष्टीवाड्यातली भागाबाई उठली. जिभेची तिखट बाई. म्हणाली, "हैबतीदादा, तुझं बुडालं त्याचं वाईट वाटतं. पण तुझं वर काढायला आमचं बुडवू नगंस."

हैबती म्हणाला, "मला फकस्त दार उघडून बघायचंय, भागाबाई."

शेवटी ठरलं, वीतभर पाणी काढायचं आणि हैबतीनं गाणं थांबवायचं. बांध सुकला की पुढची वीत.

बांधावर मोटांची रांग लागली. हैबतीनं सूर धरला आणि सगळ्यांचे बैल त्याच्या एका गाण्यावर चालले. वीतभर झालं, तो थांबला. बांध सुकला, पुन्हा गायला, पुन्हा थांबला. असं करता करता एके सकाळी त्याच्या घराचं छप्पर वर आलं. छपरावर यसूनं लावलेला भोपळ्याचा वेल. इतके दिवस पाण्यात, तरी हिरवागार, आणि त्याला पिवळं फूल आलेलं. खोटं वाटतंय? वाटू दे.

हैबतीचं भान गेलं. वीत झाली, गाणं थांबेना. दुसरी वीत झाली. बैलांना फेस आला, पण गाणं चालू म्हणून बैल चालू. दाराची चौकट दिसायला लागली. पाण्यातून जात्याची घरघर ऐकू आली, असं म्हणतात. आत यसू दळत होती.

तेवढ्यात भागाबाई धापा टाकत बांधावर आली. "मेल्या, गप बस! बांधाला चीर पडली! खाली पाळण्यात लेकरं हायती!"

आणखी एक कडवं गायला असता तर दार उघडं पडलं असतं. हैबतीनं दाराकडं पाहिलं. मग खाली कोष्टीवाड्याकडं पाहिलं. आणि ओळीच्या मधेच तोंड मिटलं. बैल उचललेला पाय तसाच धरून उभे राहिले. चीर जिथं होती तिथंच थांबली. आत जातंही थांबलं.

पुढं उपसायचं नाव कोणी काढलं नाही. पुढच्या पावसात चौकट बुडाली, छप्पर बुडालं. हैबती परत कधी गायला नाही. रोज सकाळी काठावर बसायचा आणि पाण्याला घरचं सांगायचा. "यसू, काळी गाय व्याली. कालवड झाली. आईला सांग." असा म्हातारा झाला. मग एक दिवस पाणी दोन्हीकडं सरलं, तो वाट असल्यासारखा आत चालत गेला आणि पाणी मागं मिटलं. भागाबाईनं हे डोळ्यांनी पाहिलं, असं म्हणतात. ती बाई खोटं बोलणारी नव्हती.

आता निंबतळ्यात पंप आलेत. तरी उन्हाळ्यात शेतांसाठी तळ्याचं पाणी उपसताना वीतभर झालं की पंप बंद करतात. साहेब लोक कुरकुरतात, पण परत चालू करायला कोणी हात लावत नाही. आणि लग्न झालं की नवी सून देवळाच्या आधी तळ्यावर जाते. पाण्याकडं तोंड करून मोठ्यानं सांगते, "यसूबाई, मी अमक्याची सून. घरी सगळे बरे आहेत." मग वऱ्हाड तिथंच उभं राहतं. उत्तर अजून आलेलं नाही. पण घाई करून कोणी निघत नाही.