वेणूमावशींच्या निऱ्या

"...पण माझी पेशंट तुम्ही शलाकाला दिलीतच का, बाई?"

अन्विता सबनीस दारातच उभी होती. आत ये म्हणेपर्यंत थांबायचीही तिची तयारी नव्हती.

हळबेबाई एका चमच्याच्या दांड्याला जाड कापड गुंडाळत होत्या. कुणाच्या तरी अशक्त मुठीत तो नीट बसावा म्हणून. त्यांनी मान वर केली नाही.

"बस."

"बसायला नाही आले."

"मग उभी राहा."

हळबेबाई ऑक्युपेशनल थेरपीच्या विभागप्रमुख. जेवणं, वेणी घालणं, कुलूप उघडणं अशी रोजची कामं आजारानं माणसाच्या हातून निसटतात. ती त्याची त्याला पुन्हा करता यावीत, हे त्यांचं शास्त्र. हॉस्पिटलात बाकी सगळ्या मॅडम, या मात्र बाई.

अन्विता त्यांच्याकडे मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. पदवीला विद्यापीठात पहिली आलेली. ही गोष्ट ती स्वतः विसरत नसे आणि इतरांनाही विसरू देत नसे.

शलाका मोहिते तिच्याच वर्गातली. पदवीला जेमतेम पास झालेली. तिचं सगळंच अन्विताच्या डोळ्यांत खुपायचं. पेशंटांशी गप्पा मारत बसणं, डब्यातली भाजी वाटत फिरणं, फार काय, तिचं मोठ्यानं हसणंसुद्धा. हेवा एकदा मुक्कामाला आला की त्याला खायला काहीही चालतं.

"तो हात मी जागा केला, बाई," अन्विता म्हणाली. "आवळलेली बोटं मी उघडली. सगळा पावसाळा मी त्या हातावर घालवला. आणि शलाकाकडे गेल्यावर थोड्याच दिवसांत मावशी स्वतः साडी नेसून आल्या. आता परिषदेत ही केस ती मांडणार. शिजवायचं मी आणि वाढून घ्यायचं तिनं?"

बाईंनी कापडाला आणखी एक वेढा दिला.

वेणूमावशींना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून सून त्यांना रोज साडी नेसवायची. सून काही वाईट नव्हती. पण मावशी म्हणायच्या, "तिच्यापुढं हात वर करून उभं ऱ्हायचं म्हंजी... जीव नको वाटतो गं." त्यांना दुसरं काही नको होतं. फक्त आपली साडी आपली आपल्याला नेसता यायला हवी होती.

"तुझ्याकडे होत्या तेव्हा मावशी साडी नेसायच्या?" बाईंनी विचारलं.

"नेसायच्या की. रोज, माझ्यासमोर."

"निऱ्या कोण घालायचं?"

"मी धरायचे. थोड्याशा."

"आणि खोचायचं कोण?"

"त्यांचा हात पोचायचा नाही नीट, म्हणून..."

"साडी दिसायची कशी?"

"चापूनचोपून," अन्विता म्हणाली. इथे तिचा आवाज जरा चढला. "एक निरी इकडची तिकडे नाही."

"आणि शलाकाकडे?"

"बोंगा." हे सांगताना तिला बरं वाटलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. "तरी मावशी सगळ्या वॉर्डाला सांगत सुटल्या, माझी मी नेसले, माझी मी नेसले. ते ऐकून माझ्या पोटात जे दुखलं ना, बाई... शलाका तिथेच उभी होती. दात काढत. मला तिचं तोंड बघवेना."

"केस तुला हवी?"

"माझीच आहे ती."

"मग घे. परिषदेत तूच मांड."

अन्विताला एवढ्या लवकर जिंकायची सवय नव्हती. ती संशयानं बघत राहिली.

"मावशी आत्ता यायच्यात," बाई म्हणाल्या. "इथे साडी नेसतील. तू समोर बसायचं. त्यांचं होईपर्यंत."

"एवढंच?"

"हात मांडीखाली घेऊन."

विभागात ही बाईंची जुनी रीत होती. पेशंट काम करत असताना शिकणाऱ्यानं आपले दोन्ही तळवे मांडीखाली दाबून समोर बसायचं. अन्विताला तो पोरखेळ वाटायचा. बाई बघत असल्या की ती तशी बसायची. बाई वळल्या की हात बाहेर.

"हात उचलला तर?" तिनं विचारलं.

"तर केस शलाकाची."

मावशी आल्या. सून दाराबाहेर बाकावर बसली. दार लावून घेतलं.

ती सरावाची खोली होती. खाट, शेगडी, आरसा, टेबल. एखाद्या घरातून एकेक वस्तू उचलून आणावी तशी मांडलेली. बाई कोपऱ्यात चमचा घेऊन बसल्या. अन्विता खुर्चीवर बसली आणि तिनं हात मांडीखाली घेतले.

"आज तू व्हय गं?" मावशी म्हणाल्या. "बरं झालं."

त्यांनी गाऊन उतरवला. पिशवीतून साडी काढली. परकर-पोलक्यावर साडीचा पहिला वेढा त्यांनी डाव्या हातानं कसाबसा घेतला. मग उजवा हात डाव्यानं उचलून टेबलाच्या कडेवर ठेवला, वजन ठेवावं तसा. त्याच्याखाली साडी दाबली आणि डाव्या हातानं निऱ्या घालू लागल्या.

हे मी शिकवलेलं नाही, अन्विताच्या मनात आलं. हे शलाकाचं.

एक निरी. दुसरी. तिसरी...

सगळ्या निसटल्या.

"गेलं," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

अन्वितानं तळवे मांडीखाली आणखी दाबले. किती सोपं होतं ते. तिची दोन बोटं लागली असती तर एव्हाना सगळं उरकलं असतं.

पुन्हा निसटल्या. मावशींनी कपाळ दंडाला पुसलं आणि पुन्हा धरलं.

या वेळी निऱ्या हातात राहिल्या. मावशींनी त्या मुठीत आवळल्या, टेबलापासून सरळ झाल्या आणि कमरेशी नेल्या. अर्ध्या आत गेल्या. अर्ध्या बाहेर लोंबायला लागल्या. आता घसरणार...

अन्विताचा हात गेला. तो कधी गेला ते तिलाही कळलं नाही. दोन बोटं, एक झटका. निऱ्या जागच्या जागी. सुरेख.

"झालं, मावशी. आरशात बघा."

मावशींनी आरशात बघितलं.

"छान बसलीय," त्या म्हणाल्या. शेजारणीची साडी बघून म्हणावं तसं.

मग त्यांनी डावा हात कमरेशी नेला आणि सगळ्या निऱ्या ओढून बाहेर काढल्या. साडी पायांवर ढीग होऊन पडली.

"अहो..."

"ऱ्हाऊ दे पोरी. तुझी चांगलीच हुती. मी माझी नेसते."

अन्विता खुर्चीत मागे सरकली. तिनं हात पुन्हा मांडीखाली घेतले. आता ते तिथेच राहिले, आता त्याचा काही उपयोग नव्हता तरी.

बराच वेळ गेला. बाहेर सून दोनदा खाकरली. चहाची ट्रॉली कॉरिडॉरमधून गेली आणि परत आली.

निऱ्या एकीकडे जाड, दुसरीकडे विरळ. एका बाजूनं साडी घोट्याच्या वर, दुसऱ्या बाजूनं जमिनीवर. मावशींनी पदर खांद्यावर टाकला आणि तो घसरेल का म्हणून जरा थांबल्या. घसरला नाही.

"झालं," त्या म्हणाल्या. "माझी मी नेसले."

त्यांनी आरशात बघितलं नाही. अन्विताकडेही बघितलं नाही. पिशवी काखेत मारली, दार उघडलं आणि सुनेला दाखवायला बाहेर गेल्या.

अन्वितानं मांडीखालचे हात बाहेर काढले.

"हात उचलला गेला," अन्विता म्हणाली. "केस तिलाच द्या."

बाईंनी कापडाचं टोक चमच्याला घट्ट बांधलं.

"मला मदतच करायची होती, बाई."

"ते राहू दे. मावशी शेवटी म्हणाल्या, माझी मी नेसले. तेव्हा तुला काय झालं?"

अन्विताला खोटं बोलता आलं असतं. छान वाटलं, डोळे भरून आले, असं काहीतरी. पहिल्या आलेल्या मुलींना अशी उत्तरं पाठ असतात.

"पोटात दुखलं," ती म्हणाली. "त्या दिवशी दुखलं होतं तसंच. तसूभरही कमी नाही."

"हेवा?"

"हो."

"कुणाचा?"

"शलाकाचा. आणखी कुणाचा असणार?"

बाईंनी चमचा बाजूला ठेवला. खोलीवरून सावकाश नजर फिरवली. खाट. शेगडी. आरसा. उघडं दार...

"शलाका तर इथे नव्हती," त्या म्हणाल्या.