दमलेल्या माणसाचं माप

"मग ठोका का मारत नाही, वस्ताद? चुकलंय तरी कुठं?"

दिगंबरनं विचारलं. पालथ्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर बाबालाल वस्ताद अर्धा तास बसून होते. मांडीवर पाना, हातात गार झालेला चहा.

शनिवारची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी शर्यत. कोल्हापुरातल्या त्या गल्लीत रीतच अशी, की शर्यतीची गाडी तयार झाली की वस्तादांना बोलवायचं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारायची, ड्रायव्हरच्या डोक्यावरून जाणाऱ्या जाड पाइपावर, म्हणजे रोल बारवर, पान्यानं एक ठोका मारायचा, की गाडी शेडबाहेर निघायला मोकळी. चाळीस वर्षं हे चाललं होतं. आता चार पावलांत दम लागायचा, तरी बोलावणं आलं की म्हातारा यायचा. मान मात्र वळत नसे. तरुणपणी एका उलटलेल्या गाडीत ती धरली गेली ती कायमचीच. शेजारच्याकडे बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागे.

दिगंबर लोहारानं सात वर्षं त्यांच्याच हाताखाली काढली होती. मग तो दोन वर्षं कोइमतूरला शर्यतीच्या गाड्यांचं काम करून आला, स्वतःची शेड टाकली. स्वतःच्या नावानं बाहेर पडणारी ही त्याची पहिली गाडी.

ड्रायव्हर यशोधन माणगावे. उंची सहा फूट चार. जुन्या सीटवर बसला की त्याचं हेल्मेट रोल बारला घासायचं. गाडी उलटली तर त्या बारनंच त्याची मान मोडायची.

म्हणून दिगंबर आठवडाभर राबला होता. सीटखालचे सरकते रूळ काढले. सीट थेट गाडीच्या तळाला चार बोल्टांनी आवळली, बोल्टांखाली जाड पोलादी पट्ट्या दिल्या. पाठ कलती केली. झोप अशी नव्हतीच. डोळे चुरचुरत होते, आणि हा म्हातारा नुसता बसून होता.

"हेल्मेट आणि बार यांच्यात तीन बोटं जागा आहे, वस्ताद. लोक दोन बोटांवर गाड्या पळवतात."

"कुणाची बोटं?"

"माझी."

"मग साडेतीन म्हण. तुझी बोटं लई जाड हायत."

यशोधन हसला. दिगंबर हसला नाही.

"माप कवा घेतलंस?"

"काल संध्याकाळी. हेल्मेट, पट्टे, सगळं घालून बसवलं होतं."

"सरावावरनं आला हुता?"

"चाळीस फेऱ्या मारून. घामानं निथळत होता."

"हं..."

"घाम आला म्हणून माणसाची उंची कमी होते होय, वस्ताद?"

वस्तादांनी चहाचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"मी एकदा लग्नाच्या जीपला टप बसवला हुता. नवरदेवाला आत बसवून माप घेतलं. झकास बसला. वरातीला त्यो फेटा बांधून आला..."

"मग?"

"मग काय. अख्ख्या गावातनं मान खाली घालून फिरला. लोक म्हणले, पोरगं लाजतंय."

यशोधन पुन्हा हसला. वस्तादांचा चेहरा हलला नाही.

"बसव ह्याला."

यशोधन आत शिरला. रात्रभर झोपून ताजातवाना होता. पाठ ताठ, खांदे वर. दिगंबरनं स्वतः पट्टे आवळले आणि हेल्मेट नि बार यांच्या मधे बोटं घातली. दोन गेली. तिसरं अडकलं.

त्यानं पुन्हा घालून पाहिलं. अडकलंच.

"दोन तर आहेत," तो पुटपुटला.

वस्ताद उठले. उठायलाही त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला. कोपऱ्यातल्या डब्यात लाल प्रायमर होता. ब्रश बुडवून त्यांनी बारवर गुंडाळलेल्या फोमला खालच्या अंगानं लाल पट्टा ओढला.

"पालथी करा."

"काय?"

"गाडी. उलटी करा."

"वस्ताद, कालच रंग दिलाय..."

वस्ताद परत डब्यावर बसले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

शेजारच्या शेडमधली सहा माणसं आली. खाली जुने टायर अंथरले, चेन पुली लावली. गाडी आडवी झाली, कुरकुरली, आणि हळूहळू टायरांवर पालथी टेकली. यशोधन पट्ट्यांत लोंबकळत राहिला. दिगंबर मनात आकडे मोजत होता. वीसच्या पुढं त्याला मोजवेना.

"सरळ करा."

यशोधननं हेल्मेट काढून हातात घेतलं. पांढऱ्या हेल्मेटच्या माथ्यावर, बरोबर मधोमध, करंगळीएवढी लाल रेघ उमटली होती.

ज्या सहा माणसांनी गाडी उचलली होती, ती हात पुसत एकेक करून निघून गेली.

"पट्टे मीच आवळले होते," दिगंबर म्हणाला. "घट्ट होते."

"घट्टच हुते."

"मग?"

"माणूस पट्टा न्हवं, लेका. त्यो लांबतो."

दिगंबर बारकडे बघत राहिला. उद्याची शर्यत डोळ्यांपुढं होती. गाडी उभी राहिली नाही तर गल्लीत उद्यापासून काय बोलतील, तेही त्याच्या कानात आत्ताच वाजत होतं.

"बार कापतो. मधे तुकडा घालून दोन इंच वर उचलतो. दुपारपर्यंत वेल्डिंग होईल."

"जोड दिलेल्या बारखाली तू बसशील?"

दिगंबरनं बारवरून हात फिरवला.

"तू बसशील काय?"

"नाही."

"मग बार हाय तिथं ऱ्हाऊ दे. माणूस खाली घे."

दिगंबर कामाला लागला. सीटची गादी काढून तिथं बोटभर जाडीचा कडक फोम ठेवला. पाठ आणखी दोन भोकं मागं कलवली. खांद्यांचे पट्टे सरळ यावेत म्हणून त्यांची आडवी दांडी खाली घेतली. मग स्टिअरिंग लांब पडलं, म्हणून तेही जवळ ओढलं. वस्ताद डब्यावर बसल्या बसल्या पेंगत होते. मधेच एकदा म्हणाले, "बोल्ट नवं घाल, जुनं नको," आणि पुन्हा पेंगले.

यशोधनला सतरा वेळा आत बसवलं, सतरा वेळा बाहेर काढलं.

"दिगूदादा, मला समोरचं बोनेट दिसंना झालंय," तो कुरकुरला.

"रस्ता दिसतो?"

"रस्ता दिसतो."

"मग बोनेट घरी जाऊन बघ."

डब्यावर वस्तादांचे डोळे किलकिले झाले.

पाच वाजता गाडी पुन्हा पालथी झाली. पुन्हा सहा माणसं, पुन्हा लाल पट्टा. या वेळी दिगंबरनं साठपर्यंत मोजलं. गाडी सरळ झाली तेव्हा तो हेल्मेट हातात घेऊन उन्हात गेला, उलटसुलट फिरवून पाहिलं. पांढरं होतं. सगळं पांढरं.

त्याला एकदम भिंतीला टेकून बसावंसं वाटलं. यशोधन तर बसलाच होता, शेडच्या उंबऱ्यावर, लांब पाय पसरून, पाठीला पोक काढून, डोकं गुडघ्यांकडे झुकवून.

वस्ताद उठले. गाडीपाशी आले. दिवसभर नुसता बाळगलेला पाना त्यांनी दिगंबरपुढं धरला.

"मार ठोका."

"मी?"

"तुझी गाडी हाय."

दिगंबरनं पाना घेतला. नऊ वर्षं तो या ठोक्याची वाट बघत होता. बारपाशी गेला, हात वर केला...

...आणि उंबऱ्यावर बसलेल्या त्या सहा फूट चारकडे त्याची नजर गेली. वाकलेली पाठ. पडलेले खांदे.

हात खाली आला.

"गाडी उद्या आठला ट्रकवर चढायची आहे ना, यशोधन?"

"व्हय."

"मग सहाला ये. झोपून, नाश्ता करून, हेल्मेट घेऊन ये. परत उलटी करायची."

"आता परत? दादा, आत्ताच तर..."

"आत्ता तू दमलायस."

जरा थांबून तो म्हणाला, "अन् मी पण."

त्यानं पाना वस्तादांना परत दिला नाही. सीटवर ठेवला.

बाबालाल वस्तादांनी अख्खं अंग वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर घातली.

"मग आता मी घरी जातो."