मागचे दोन स्पीकर

“...पण मग मागचे दोन स्पीकर टेस्टला बोलतात आणि आईचं गाणं लावलं की गप्प बसतात, हे कसं काय?”

हेरंब तेरदाळकरने तिसऱ्यांदा विचारलं. गफूर मास्तर मान खाली घालून कामात होते. ते ब्रशने एका साउंड कार्डाची धूळ झाडत होते.

मी कोपऱ्यात स्टुलावर होतो. माझा रेडिओ तीन आठवडे मास्तरांकडे पडून होता. मिरजेत आवाजाचं काहीही बिघडलं की लोक याच दुकानात येतात, आणि इथं घाई केली की काम आणखी लांबतं. हेरंबला हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

“तीन कार्डं बदलली,” तो म्हणाला. “ड्रायव्हर पाच वेळा टाकले. सगळ्या पिना तपासल्या. मी याच क्षेत्रात आहे, मास्तर. पुण्यात स्टुडिओ आहे माझा.”

“मग इथं कशाला आलात?”

हेरंब ओशाळला. दाराशी बाकावर बसलेल्या वडिलांकडे त्याने पाहिलं. दत्तोपंत ड्रॉइंगचे शिक्षक, आता निवृत्त. लेकाचा कॉम्प्युटर आपणच उचलून आणल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

“रविवारी आईचं वर्षश्राद्ध आहे,” हेरंबने आवाज खाली आणला. “आई गेल्यापासून बाबा कामापुरतंसुद्धा फारसं बोलत नाहीत. आईच्या गाण्याची एकच टेप आहे घरात. वाटलं, ती नीट करावी. पाच स्पीकर लावले, तीन समोर, दोन मागे. खोलीत एकच खुर्ची, बरोबर मधोमध. तिथं बाबांनी बसायचं. आई चारी बाजूंनी गाईल.”

“बसले?”

“दोन मिनिटं. मग उठले. ‘बंद कर’ म्हणाले.”

“का हो, गुरुजी?” मास्तरांनी बाकाकडे पाहून विचारलं.

“मागून आवाज येत नाही ना, म्हणून त्यांना...”

मास्तरांनी ब्रश वर केला. हेरंब थांबला.

 दत्तोपंतांनी नुसती मान हलवली. होय म्हणाले की नाही, ते मला तरी कळलं नाही.

मास्तर उठले. हेरंबच्या कॉम्प्युटरला दुकानातले पाच स्पीकर जोडले. टेस्ट लावली. डावा बोलला, उजवा बोलला, मधला बोलला, मागचे दोघेही बोलले. मग कुठलंसं सनईवादन लावलं. दुकान भरून गेलं. मागूनही सूर येत होते.

“कार्ड चांगलंय,” मास्तर म्हणाले. “आता आईंना लावा.”

हेरंबने लावलं. समोरून एका बाईचा आवाज आला. काय स्वच्छ आवाज! खरखर नाही, श्वास नाही. मास्तरांनी मागच्या स्पीकरला कान लावला.

काही नाही.

“सहा महिने खपलोय यावर,” हेरंब म्हणाला. अभिमान लपत नव्हता. “मूळ टेप ऐकवत नाही हो. कुकरच्या शिट्ट्या, भांडी, कोणाचं तरी खाकरणं-बोलणं. सगळा कचरा एकेक करून काढला. आईचा आवाज तेवढा ठेवला, दोन्ही बाजूंना अगदी सारखा.”

“अगदी सारखा?”

“केसाचाही फरक नाही.”

“तुमचं कार्ड मागच्या दोघांना काय देतं ठाऊक आहे ना? डाव्याउजव्यात जो फरक उरतो, तो. फरकच नाही, तर मागे काय येणार?”

हेरंबने मागच्या स्पीकरांकडे पाहिलं.  पुण्यातल्या स्टुडिओवाल्याला हे ठाऊक नसेल असं नाही. पण सहा महिने जीव ओतून केलेल्या कामात खोट शोधायला कुणाचा हात धजावतो?

तेवढ्यात बाकावर हालचाल झाली. दत्तोपंतांनी शर्टाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि मास्तरांपुढे धरली. आत कॅसेट होती. हेरंबलाही ती खिशात असल्याचं माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं.

मास्तरांनी फळीवरचा जुना डेक काढला. त्याची वायर कार्डाच्या निळ्या, बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकात खुपसली. आपली खुर्ची उचलून पाच स्पीकरांच्या मधोमध ठेवली.

“बसा गुरुजी.”

टेप सुरू झाली. आधी नुसती खरखर. मग मागून कुकरची शिट्टी आली, इतकी जवळून की मी वळून पाहिलं. मग मागूनच कोणीतरी खाकरलं, आणि एका तरुण माणसाचा आवाज आला.

“गा की तू. टेप अजून लावलीच नाहीये.”

समोरून बाई हसली. “नक्की?”

“तुझी शपथ.”

आणि ती गाऊ लागली. मघाचंच गाणं. पण मघाशी ते असं नव्हतं, एवढं मला सांगता येईल.

दत्तोपंतांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. गाणं संपेपर्यंत कोणी हललं नाही.

“लावलेली होती,” दत्तोपंत म्हणाले.

हेरंब दचकला. “काय, बाबा?”

“टेप. लावलेली होती. समोर टेप चालू असली की ती गायचीच नाही, म्हणून खोटं बोललो. नंतर ऐकवली तेव्हा चार दिवस माझ्याशी बोलली नाही...” ते हसले. “पाचव्या दिवशी म्हणाली, पुन्हा लाव.”

हेरंब खाली बसला. फरशीवरच, वडिलांच्या पायाशी. “तुमचा आवाज होता तो,” तो म्हणाला. “मीच काढला. माझ्या या हातांनी... मला ओळखूच आला नाही, बाबा.”

दत्तोपंतांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी माझ्या रेडिओकडे बघत बसलो.

मास्तरांनी कॅसेट काढली, रुमालात गुंडाळली आणि परत दिली. वायरींची वेटोळी करायला घेतली.

निघताना हेरंब दाराशी थांबला. डोळे लाल झाले होते, पण कारागिराची खोड जाते कुठं!

“मास्तर, कार्ड चांगलं, स्पीकर चांगले. मग रविवारसाठी दुरुस्त काय करू?”

“खुर्च्या किती ठेवल्यात म्हणालात?”

“एक.”

“तुमच्यासाठी दुसरी ठेवा.”