विसाजीशेटचा जांभळा

विसाजीशेटच्या रंगशाळेतला जांभळा रंग फक्त राजाच्या पागोट्याला लागायचा. दुसऱ्या कुणी तो वापरला तर फटके, अशी शेटकडे सनदच होती. पण रंगशाळेचं पाणी ओढ्यात उतरू लागलं आणि खालच्या वाडीतल्या पोरांच्या अंगावर फोड उठले.

वाडी दरबारात गेली. शेट म्हणाला, "महाराज, माझा थेंबही ओढ्यात जात नाही. ओढ्यातला रंग तिथल्या मातीचाच. खोटा आळ घेणाऱ्यांना हुसकून लावा!"

राजाने वाडीला आठ दिवस दिले. तेवढ्यात पुरावा आणा, नाहीतर घरं सोडा.

वाडीत कुणाला अन्न गोड लागेना. दोर वळणाऱ्या आवडाबाईने मात्र नारळाचा काथ्या ओढ्यात आडवा दाबून बसवला. चार दिवस ती पाहत राहिली. पाचव्या दिवशी खाली पाणी निवळ येऊ लागलं आणि काथ्या गच्च जांभळा झाला.

आठव्या दिवशी ती दरबारात आली. तिने त्याच काथ्याच्या जांभळ्या दोरांचा भारा सोडला. "महाराज, शेट म्हणतात तेच खरं. रंग मातीचाच आहे. म्हणून या दोरांची दावी आम्ही म्हशींना बांधणार."

"म्हशींना?" शेट ताडकन उठला. "हा माझा रंग आहे! सनद आहे माझी!"

राजाचा हात नकळत पागोट्याकडे गेला.

आवडाबाईने भारा त्याच्या पायाशी ठेवला. "मग घ्या शेट, तुमचं तुम्हाला. उद्यापासून काथ्या तुमच्याच मोरीच्या तोंडाशी बसवा. रंग तुम्हाला राहील, पाणी आम्हाला."