शिवी द्या, दार उघडतो!

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे, माझा जन्म व्हायचा होता; पण हजर होतो!

तांबडगडच्या राजाचं तळं डोंगरावर आणि राजवाडा पायथ्याला. मधल्या प्रत्येक टेकडीवर एक हाळी देणारा. आंघोळीच्या पाण्यासाठी राजा म्हणाला, "दार उघडा!" की हाळी टेकडी-टेकडीने वर जायची आणि रखवालदार म्हादू तळ्याचं दार उचलायचा. झकास चाललं होतं. पण शेजारच्या राजाने मधल्या झुडपात एक घसाफाड्या हेर बसवला. त्याने भरदुपारी ठोकली हाळी, "दार उघडा!" म्हादूने उघडलं, आणि राजाची गादी राजासकट बाजारापर्यंत तरंगत गेली!

"म्हाद्या!" राजा गरजला. "पुन्हा खोट्या हाळीला दार उघडलंस तर मुंडकं उडवीन! आणि खऱ्या हाळीला उघडलं नाहीस तरी उडवीन!"

"पण महाराज, खरी ओळखू कशी?"

"ते तुझं तू बघ!"

खुणेचा शब्द ठरवावा, तर हाळी साऱ्या मुलखाला ऐकू जाणार, हेरालाही! म्हादू मान चाचपत बसला.

"अहो, मान सोडा," त्याची बायको साळू म्हणाली. "उद्या हाळीला उत्तर मी देते."

सकाळी हाळी आली, "दार उघडा!"

साळूने उलट हाळी दिली, "कोण बोलतंय? ओळखलं नाही!"

"मी राजा बोलतोय, ताई. उघडता का जरा?"

"खोटा! दार बंद!"

दुपारी पुन्हा हाळी. पुन्हा साळूचं तेच, "ओळखलं नाही!"

टेकड्या हादरल्या. "तुझ्या बापाचा बाप बोलतोय, शेंबड्या घुबडाच्या नातवा!"

"हे आपले महाराज! उचला दार!"

हेरही काही कमी नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने तीच शिवी त्याच ठसक्यात हाणली. म्हादू दाराकडे धावला.

"थांबा!" साळू ओरडली. "कालची शिळी शिवी? आमचे महाराज एक शिवी दोनदा देत नाहीत!"

हेर गडबडला. "मग... तू... तू भोपळा!"

सगळ्या टेकड्या खो-खो हसल्या. त्या भोपळ्याच्या आवाजामागे शिपाई धावले आणि हेराला झुडपातून ओढून काढलं.

राजाने साळूला बोलावलं. "साऱ्या मुलखादेखत मला ओळखलं नाहीस?"

"महाराज, राजमुद्रा कुणीही चोरील. रोज ताजी शिवी काढणारं डोकं कसं चोरणार?"

"आणि एखाद्या दिवशी मी गोड बोललो तर?"

"तर त्या दिवशी आंघोळ नाही, महाराज!"

राजा पोट धरून हसला. म्हादूची मान वाचली आणि साळूला सोन्याचे तोडे मिळाले.

यातले तोडे तेवढे माझ्या पदरचे.