येत नाही म्हणायच्या वशाची कहाणी

सटवाई माते, तुझी कहाणी तुझ्याच समोर सांगते, चुकलंमाकलं पोटात घाल. बायांनो, अक्षता मुठीत धरा आणि ती मागची कुजबुज थांबवा. चुलीवरच्या दुधाची काळजी थोडा वेळ सुनांवर सोडा.

एक होतं नगर, आटपाट. नगराला राजा होता, राणी होती, वेशीजवळ सटवाईचं ठाणं होतं. त्या नगरात भिवरा नावाची सुईण राहत असे. निम्मं नगर तिच्या हातावर जन्मलेलं, खुद्द राजासुद्धा. हाताला यश आणि जिभेला तिखट. तिला एक सून होती, तिचं नाव सगुणा. सगुणेच्या मनात एकच होतं. आपण सुईण व्हावं. आपण बाळंतिणीच्या दारात पाऊल टाकावं, आणि घरातल्या माणसांचा जीव भांड्यात पडावा.

पण हौस मोठी आणि लाज त्याहून मोठी. सुईणीच्या घरची सून, तिनं मला येत नाही असं म्हणावं कसं? मग तिनं काय केलं? सासूसारखं आडवं कुंकू लावलं, सासूसारखा पदर खोचला, सासूसारखं खेकसून बोलायला लागली. आरशात पाहिलं, तर हुबेहूब भिवरा! झाली की सुईण! हसू नका बायांनो, तुम्ही आम्ही काय वेगळं करतो?

मग एके दिवशी सासू परगावी गेली. इकडे कुंभारवाड्यात एक बाई अडली. तिचा नवरा धावत आला. म्हणाला, "भिवराबाई कुठं आहेत?" सगुणा म्हणाली, "त्या नसल्या म्हणून काय झालं? मी आहे ना. मला येतं." गेली. पदर खोचला, "पाणी तापवा" म्हणून खेकसली, दार लावून घेतलं. इथवर सगळं सासूसारखं झालं. मग कुंभारीण किंचाळली, रक्त दिसलं, आणि सगुणेचे हात लाकूड झाले. पुढं काय करायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. कुंभारीण म्हणाली, "बाई गं, काहीतरी कर!" सगुणेनं दार उघडलं आणि पळत सुटली. नशीब त्या कुंभारणीचं, भिवरा तेवढ्यात वेशीत आली होती. तिनं बाळंतीण सोडवली. दोन्ही जीव वाचले.

मग नगरात काय विचारता! पाणवठ्यावर बाया म्हणाल्या, "कुंकू तेवढं सुईणीचं हो!" सासू मात्र बोलली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारी बाई, ती गप्प राहिली. सगुणेला तेच जास्त लागलं.

मग ती उठली, सटवाईच्या ठाण्यापाशी गेली, पायरीवर बसून रडू लागली. तिथं एक म्हातारी आली. हाती काठी, लुगड्याला ठिगळं. म्हातारी म्हणाली, "बाई बाई, का रडतेस? नवऱ्यानं टाकलं?" "नाही आजी." "पोटाला नाही?" "तसंही नाही." "मग दुःख कसलं?" सगुणा म्हणाली, "मला सुईण व्हायचंय आजी, आणि मी अडलेल्या बाईला टाकून पळाले. एखादा वसा असेल तर मला सांग."

म्हातारी म्हणाली, "सांगेन, पण उतशील, मातशील, वसा अर्ध्यावर सोडशील." सगुणा म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, अर्ध्यावर सोडणार नाही."

"मग ऐक. मार्गशीर्षातल्या षष्ठीला हा वसा धरावा. न्हावं, धुवावं, पाटा-वरवंटा मांडून त्याला हळदकुंकू वाहावं. ओटीत गूळ-फुटाणे घ्यावे. ज्याला येतं त्याच्या दारी जावं, ते त्याच्या हातावर ठेवावे, आणि म्हणावं, मला येत नाही, शिकवा. येत नसेल तिथं येतं म्हणू नये. येत नाही म्हणून पळू नये. ज्या दाराची लाज वाटेल ते दार चुकवू नये. दर षष्ठीला असं करावं."

सगुणा म्हणाली, "आणि उद्यापन कधी?"

"याला उद्यापन नाही," म्हातारी म्हणाली. सगुणेनं डोळे पुसून वर पाहिलं, तो म्हातारी तिथं नव्हती.

मग पहिली षष्ठी आली. सगुणा धनगरवाड्यात गेली. तिथं मेंढी विणार होती. धनगरणीच्या हातावर गूळ-फुटाणे ठेवले, म्हणाली, "मला येत नाही, शिकवा." रक्त पाहिलं, आणि घेरी येऊन पडली. धनगरीण पोट धरून हसली. म्हणाली, "पडलीस तर पड. उठलीस की परत ये." सगुणा उठली, परत आली.

मग दुसरी षष्ठी आली. तेलिणीकडं गेली, अंग कसं चोळावं ते शिकवा म्हणाली. तेलिणीनं तिचे हात धरून पाहिले. "हे तर भ्यालेत. आधी त्यांना ऊब दे, मग दुसऱ्याच्या अंगाला लाव." सगुणेनं तेल कोमट केलं, तळवे चोळले, मग हात लावला.

मग तिसरी षष्ठी आली. गूळ-फुटाणे ओटीत घेतले, पण पाय उंबऱ्याबाहेर पडेना. सगळ्यांत जास्त लाज जिची, ती तर घरातच बसलेली! वाटेत एक पाऊलसुद्धा नाही, की तेवढ्यात धीर गोळा करावा. सगुणा वळली, सासूपुढं बसली. म्हणाली, "आत्याबाई, मला येत नाही. शिकवा." आणि हमसून हमसून रडली.

भिवरेनं गूळ तोंडात टाकला. सावकाश चघळला. मग म्हणाली, "माझं कुंकू उचललंस, माझा आवाज उचललास. एवढं विचारायला किती वेळ लावलास गं! पूस डोळे. हात पुढं कर."

तेव्हापासून सगुणा सासूच्या मागं मागं दारोदार गेली. आधी नुसता दिवा धरला. मग बाळंतिणीचं डोकं मांडीवर घेतलं. मग नाळ कापली. चुकली की भिवरा चारचौघांत बोले, सगुणा खाली मान घालून ऐके आणि पुन्हा करून दाखवी. होता होता सासूचे डोळे गेले, हात थरथरू लागले. मग लोक सगुणेलाच बोलावू लागले. षष्ठीचे गूळ-फुटाणे तिनं तेव्हाही सोडले नाहीत.

मग काय झालं? राणीचे दिवस भरले, कळा सुरू झाल्या. भिवरा तापानं अंथरुणाला खिळलेली. भरदुपारी राजवाड्यातून बोलावणं आलं, सगुणा गेली. तेल कोमट केलं, तळवे चोळले, राणीच्या पोटावर हात ठेवला, चाचपून पाहिलं. मूल पायाळू होतं. डोकं वर, पाय खाली. असं बाळंतपण तिनं पाहिलं होतं, आपल्या हातानं केलं नव्हतं.

दासी म्हणाली, "येतं ना तुला?" दाराबाहेर राजा उभा. खोलीत साऱ्या बाया तिच्या तोंडाकडं बघताहेत. येतं म्हणावं, तर राणीचा जीव पणाला. येत नाही म्हणावं, तर पाणवठ्यावर पुन्हा तेच हसू, आणि राजाचा राग वेगळाच. जीभ येतं म्हणायला वळलीच होती. मग सगुणेनं सटवाईचं नाव घेतलं.

म्हणाली, "हे मला येत नाही. पण मी पळायची नाही. माझ्या सासूला आणा, खाटेसकट आणा."

राजा बाहेरून गरजला, "सुईण बोलावली, ही शिकाऊ कोणी आणली?" आतून राणी कण्हत म्हणाली, "ओरडू नका. खरं बोलणारी मिळालीय, तिला राहू द्या. ती मागते ते आणा."

मग भोई धावले, भिवरेची खाट आणली, राणीच्या उशाशी ठेवली. भिवरा म्हणाली, "सगुणे, डोळे माझे गेले, हात तुझे आहेत. काय लागतंय ते सांग." "टाच लागतेय, आत्याबाई." "ओढू नकोस." "नाही ओढत." "कळ येऊ दे." "आली." "आता आधार दे, घाई नको. खांदा सोडव. मान सांभाळ." भिवरा विचारी, सगुणा सांगे. भिवरा सांगे, सगुणा करी. शेवटी मूल बाहेर आलं. निळसर, गप्प. सगुणेनं त्याला पालथं धरलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली, पुन्हा चोळली. आणि ते रडलं! असं रडलं, की दाराबाहेर राजा मटकन खाली बसला.

मग वाड्यात साखर वाटली. राजानं पालखी मागवली, म्हणाला, "सुईणीला मानानं घरी पोचवा." भोई आले, भिवरेपुढं वाकले. भिवरा खेकसली, "मला कशाला? मी खाटेवर आले, खाटेवर जाईन. सुईण ती तिकडं उभी आहे."

सगुणेनं मागं वळून पाहिलं, कोण आहे म्हणून. मागं कुणीच नव्हतं.

सटवाई जशी सगुणेला पावली, तिला जे व्हायचं होतं ते तिला होता आलं, तसं तुमचं होवो, आमचं होवो, ऐकणाऱ्या लेकीसुनांचं होवो. साठां उत्तरांची म्हणून सांगितलेली ही कहाणी पांचां उत्तरीं फळाला आली, इथं संपूर्ण झाली.